आकडा आहे, नाव नाही

बेळगावातले दोन दिवस कॅम्पात आणि बाजारात गेले. लिहायचंय ते खानापूरकडच्या एका गावातल्या, चावडीच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाटीबद्दल.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा पाट्या बऱ्याच गावांत लावल्या: या गावातून इतके पुरुष १९१४-१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. इथे तर गेलेल्यांचा आकडासुद्धा ऑइलपेंटने बुजलेला. फार राग आला. अशी पाटी वाचायची तर अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला टेकवून उजेड आडवा टाकावा, खोदलेल्या अक्षरांत सावली धरते. तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात नको. ॲसिडने संगमरवर विरघळतो, अक्षरांच्या कडाच जातात.

इराकात बसऱ्याच्या स्मारकावरही हीच तऱ्हा. अधिकाऱ्यांची नावं, हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदींत आहेत, संकेतस्थळावर फुकट बघता येतात. लोक अडतात ते स्पेलिंगवर. जाधव शेवटी ‘व्ही’ लावूनही शोधा, ‘ओ’ लावूनही. आडनाव कधी नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. जिल्हा ‘बेलगाम’ असाच टाका.

पलटणीचा नंबर चुकला तरी हाती काही लागत नाही. १९२२ साली सगळे नंबर बदलले. ११० मराठा, म्हणजे इराकातल्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ला शरण जावं लागलेल्यांपैकी एक पलटण, पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि पडले. वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

पहिल्या युद्धातल्या शिपायाचं नाव मात्र त्याच्या घरीच असू शकतं. मेलेल्यांच्या घरच्यांना १२ सेंटिमीटरची ब्राँझची गोल तबकडी मिळायची. त्यावर सिंह, हातात पुष्पचक्र घेतलेली बाई आणि चौकटीत पूर्ण नाव. हुद्दा नाही, शिपाई काय नि कर्नल काय, सारखंच. आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे विचारा. भंगारात गेली नसेल तर कोरड्या सुती कापडाने नुसती पुसा. चिंच लावून घासू नका. अक्षरं उठावाची आहेत, आधी नावच झिजतं.