उजवा हेडलाईट

काकांनी गाडी आत घेतली आणि काच खाली करूनच सांगून टाकलं, "हेडलाईट मी घरीच साफ केलेत. तू फक्त शेवटचा हात मार."

शेवटचा हात मारण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. मधोमध एक चकचकीत पट्टा, कडेला पिवळे पापुद्रे आणि खालच्या कोपऱ्यात बोटाला चिकट लागणारा डाग. आधी टूथपेस्ट झाली होती. मग कोणीतरी सांगितलं म्हणून अंगाला मारायचा मच्छरांचा स्प्रे. त्या स्प्रेने काच लगेच उजळल्यासारखी दिसते खरी, पण स्प्रेमध्ये डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर ते प्लॅस्टिकच खातं. वरचा थर मऊ पडतो, त्यावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. काच म्हणत असलो तरी हेडलाईट पॉलिकार्बोनेटचा असतो. मुळात हे प्लॅस्टिक उन्हाला कच्चं, म्हणून कंपनीतूनच त्यावर कडक पारदर्शक कोट येतो. पिवळा पडतो, तडकतो, सोलतो तो आधी हा कोट. टूथपेस्ट तो अर्धवट काढते आणि त्याच्या जागी काहीच देत नाही. मग उघडं पडलेलं प्लॅस्टिक उन्हात आणखी लवकर पिवळं होतं.

हे रोजचंच आहे. त्या दिवशी मला खटकलं ते काकांचं पुढचं बोलणं. रात्री दिसत नाही म्हणून त्यांनी डोळे तपासून चष्मा बदलला होता. तरी फरक नाही, म्हणून १००/९० वाटचे बल्ब बसवून घेतले होते. गाडीचे मूळचे बल्ब ६०/५५ चे. पहिला आकडा अप्परचा, म्हणजे लांबवर जाणाऱ्या उजेडाचा, दुसरा डिपरचा, म्हणजे जवळ खाली पडणाऱ्या उजेडाचा. "तरीही डिपरवर काही दिसत नाही रे. मग मी अप्परवरच चालवतो. समोरचे शिव्या घालतात, घालू देत."

गाडी भिंतीसमोर लावून डिपर पेटवला. दोन्हीकडून नुसता पसरट पिवळा धुरळा. उजेड कुठे संपतो ती रेघ कुठेच नाही. मग काचांवर पाणी ओतलं. हे मी प्रत्येक गाडीला करतो. पाण्याने काच क्षणभर नितळ झाली तर दोष बाहेरून आहे, घासून जाईल. ओली करूनही धूसर राहिली तर ओल आत शिरलेली असते किंवा प्लॅस्टिकच्या पोटात बारीक चिरा गेलेल्या असतात. तिथे कितीही घासा, उपयोग नाही. दोन्ही काचा नितळ झाल्या. उजवीकडे मात्र आत वरच्या बाजूला काहीतरी करपट दिसलं आणि पाणी ओघळताच पुन्हा झाकलं गेलं. काकांना म्हटलं, "उजव्याचा भरवसा देत नाही. आधी घासून बघू."

भोवतीच्या पत्र्याला मास्किंग टेप लावून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात केली. पेपर सतत ओला ठेवायचा. सुरुवातीला पाणी पिवळसर उतरतं, तो मेलेला कोट. ते सगळीकडून स्वच्छ पांढरं उतरायला लागलं की कोट संपला, हाताखाली प्लॅस्टिक आलं. घाई करणारे नेमके पिवळ्या पाण्यावरच थांबतात आणि कडेला नकाशासारखे डाग ठेवतात. या टप्प्याला काच पूर्ण पांढरीफटक होते. काकांचा चेहराही तसाच झाला. "अरे, होतं ते बरं होतं!" प्रत्येक गिऱ्हाईक इथे हेच म्हणतं. १०००, १५००, मग २००० नंबर. दर पेपरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे राहिले असतील तर लगेच नजरेत येतात.

डावी काच पुसून पुन्हा ओली केली आणि डिपर लावला. भिंतीवर रेघ उमटली. काका खूश.

उजवी काच तितकीच स्वच्छ निघाली होती, पण भिंतीवर उजेड निम्मासुद्धा नव्हता. वाकून आत पाहिलं तर बल्बच्या वर रिफ्लेक्टर तपकिरी पडलेला, मधे चमक पार उडालेली. काच धुरकट होती तोवर ते कोणाला दिसणारच नव्हतं. मागून बल्ब काढले. उजवीकडे १००/९०, होल्डरचं प्लॅस्टिक करपलेलं. डावीकडे साधा ६०/५५! काकांना मग आठवलं, डावा मधे उडाला होता तेव्हा रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने हाताशी होता तो बसवून दिला होता. म्हणजे कमी वाटच्या बाजूनेच आता जास्त उजेड पडत होता.

डिपरच जायचं कारण बल्बच्या घडणीत आहे. या एच-फोर प्रकारच्या बल्बमध्ये अप्पर आणि डिपरच्या दोन वेगळ्या तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी असते. ती उजेड फक्त वर, रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर जाऊ देते. उष्णताही वरच जाते. त्यामुळे जळाला तो नेमका डिपरचा भाग. खालचा अर्धा शाबूत, म्हणून अप्पर बरा वाटायचा.

"आतून पुसता नाही येणार?" नाही येणार. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. जळका भाग फडक्याने घासला तर उरलेली चमकही फडक्यावर येते. उजवा अख्खा हेडलाईट नवा घ्यायला सांगितलं. त्या काचेवर कोट मारून मजुरी घेणं मला पटलं नाही.

डावीला अल्कोहोलने पुसून, कोरडी करून हार्डनरवाला क्लिअर कोट मारला. आधी एक हलका हात, थोडं थांबून एक भरीव. हा कोट नाकातोंडाला चांगला मास्क लावल्याशिवाय मारायचा नसतो. घरी करणाऱ्यांनी निदान ऊन रोखणारा तयार कोट तरी लावावा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच तपासलं होतं. खराब काचेतून डिपरचा उजेड नव्याच्या २२ टक्केच येत होता, साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे हाताने केलेलं काम नव्याची बरोबरी करत नाही. गिऱ्हाईकाला मी हे आधीच सांगतो.

नवा हेडलाईट आल्यावर दोन्हीकडे ६०/५५ चे बल्ब घातले आणि भिंतीवर फोकस जुळवून दिला. जाताना काकांनी तो १००/९० चा बल्ब मागितला, मुलाच्या गाडीला होईल म्हणाले. मी दिला नाही.