आमची वाटचाल : ठाण्याच्या हॉटेलांचे ग्राइंडर

वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात इडली-डोशाचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरची दुरुस्ती सुरू केली आणि नौपाडा, गोखले रोड, स्टेशनजवळच्या हॉटेलांची कामं आमच्याकडे येऊ लागली. टाकी लावणं (म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करणं), पट्टा, बेअरिंग, जळलेली मोटर नव्या तारेनं भरणं, सगळं. ती वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते 2020 चं.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बसून खायला परवानगी मिळाली 5 ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेनं. तोवर कित्येक मालकांनी भाड्यापुढे हात टेकले होते. आमची उधारी त्यांच्या शटरांमागे अडकली, कारागीर गावी गेले. त्याच वेळी आमच्याच लाइनीतला एक व्यापारी बंद हॉटेलांचे ग्राइंडर भंगाराच्या भावानं उचलत होता. रंग मारायचा आणि ‘नव्यासारखा’ म्हणून विकायचा. दगड गुळगुळीत, शाफ्ट ढिला! गिऱ्हाईक मग आमच्याकडे यायचं आणि दुरुस्ती महाग म्हणून आम्हालाच बोल लावायचं. तो राग अजून गेलेला नाही.

नौपाड्यातल्या उडुपी हॉटेलच्या अण्णांनी कायमचं बंद करताना स्वतः फोन केला, "हिशेब घेऊन ये." पै न् पै चुकती केली. गाळा त्या पैशांवर वाचला. अण्णांचा उडीद लोण्यासारखा वाटलेला आणि तांदूळ रवाळ असायचा. वाटताना पीठ तापू नये म्हणून ते बर्फाचं पाणी घालायचे आणि पीठ बोटांत चोळून टाकी किती खोल हवी ते सांगायचे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनातलं समोवार हे कॅफे 2015 मध्ये बंद झालं तेव्हा पेपरांनी भरभरून लिहिलं. लिहायलाच हवं होतं. पण अण्णांच्या हॉटेलावर चार ओळी लिहाव्यात असं कुणाला वाटलं नाही. ठाण्याची बंद पडलेली हॉटेलं आज आमच्या कामाच्या वहीत सापडतात.

जुना ग्राइंडर घेणाऱ्यांनी रंग बघू नये. दगडावर तळहात फिरवा, खरखरीत लागला पाहिजे. शाफ्ट हलवून बघा. नवी टाकी लावली की पहिला घाणा तांदळाचा वाटून फेकून द्या, त्यात दगडाची कच असते. आणि रिकामा दगड फिरवू नका.

अण्णांचा ग्राइंडर आम्हीच घेतला. त्या व्यापाऱ्यानं माणूस पाठवून भाव विचारला, आम्ही नाही म्हटलं. टाकी लावून, बेअरिंग बदलून तो पाचपाखाडीत घरून इडल्या करणाऱ्या एका ताईंना हप्त्यानं दिला.