एका पॅकेटचा हिशोब

मंगळवार, रात्र

लॅबमधली नवी मुलगी आज लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. एनएस-३, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल चालवणारा सिम्युलेटर, शिकायला लागून तिला जेमतेम तीन आठवडे झालेत. कुठूनतरी उचललेली पन्नास नोडची (नेटवर्कमधल्या पन्नास यंत्रांची) वाय-फाय स्क्रिप्ट, आणि थ्रूपुट, म्हणजे दर सेकंदाला पोचणारा डेटा, शून्य. दोन दिवस ती नुसते आकडे बदलून बघत होती. सुरुवातीला मीही हेच केलं होतं, त्यामुळे तिची तगमग लगेच कळली.

म्हटलं, ही राहू दे बाजूला. ट्यूटोरियलमधलं पहिलं उदाहरण घे: दोन नोड, ५ एमबीपीएसची (सेकंदाला ५० लाख बिटची) लिंक, २ मिलिसेकंदांचा डिले, १०२४ बाइटचं एकच पॅकेट (डेटाचा एक तुकडा). पण रन करायच्या आधी कागदावर काढ, पोचायला किती वेळ लागेल? तिनं काढलं: ८१९२ बिट पाठवायला १.६३८४, अधिक डिलेचे २, म्हणजे ३.६३८४ मिलिसेकंद. पॅकेट २ सेकंदांना सुटलं आणि लॉगमध्ये पोचल्याची वेळ आली २.००३६९ सेकंद. म्हणजे साधारण ०.०५ मिलिसेकंद जास्त.

"राउंडिंग असेल ना, ताई?"

नाही. इथंच थांबायचं असतं. पीकॅप फाइल (लिंकवरून गेलेल्या पॅकेटांची नोंद) वायरशार्क या ती वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर लिंकवरून गेलेली फ्रेम १०५४ बाइटची! पॅकेटपुढे प्रत्येक प्रोटोकॉल आपली माहिती, म्हणजे हेडर, जोडतो: यूडीपी हेडरचे ८, आयपीचे २०, पीपीपीचे २. तीस बाइट म्हणजे २४० बिट, म्हणजे ०.०४८ मिलिसेकंद. हिशोब जुळला आणि तिनं कागदावर त्या आकड्याभोवती दोनदा गोल केला.

शिकणाऱ्यानं एवढं एक पॅकेट तरी हातानं मोजावंच, असं मला मनापासून वाटतं. सिम्युलेटर चुकीच्या मॉडेललाही तितक्याच इमानानं उत्तर देतो. आणि सीड, रन नंबर (यादृच्छिक आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारे दोन आकडे) तेच ठेवले तर शंभरदा चालवलं तरी आकडा तोच येणार. त्याला पक्का निकाल समजायचं नाही. रन नंबर बदलत अनेकदा चालवायचं, मग सरासरीबरोबर आकड्यांचा पसाराही बघायचा.

मग तिनं तिसरा नोड जोडला, पुढच्या नेटवर्कमध्ये. लॉग म्हणतो पॅकेट पाठवलं, पण पीकॅपमध्ये एकही पॅकेट नाही. मी मुद्दाम गप्प राहिले. वीसेक मिनिटांनी तीच म्हणाली, "याला पलीकडचा रस्ताच माहीत नाहीये." राउटिंग टेबल, म्हणजे कुठलं पॅकेट कुठून पाठवायचं याचा तक्ता, भरण्याची एक ओळ राहिली होती.

पन्नास नोडची फाइल आज उघडलीच नाही.