बैल उघडा राहिला

तोंड झाकलं होतं. आवाज बदलला होता. नाव दुसरं, गावाचा उल्लेख नाही, कारखान्याचा तर नाहीच. ऑफिसातल्या चौघांनी बघून झालं होतं. सकाळी ९ वाजता मी तो १ मिनिट ४० सेकंदांचा व्हिडिओ सोडला आणि चहा सांगितला.

साडेदहाला तालुक्याच्या कार्यकर्त्याचा फोन. "ताई, वहिनीला मुकादमाचा फोन आलता. म्हणला, लई मोठी झालीस, मोबाइलवर दिसायलीस."

"ओळखलं कसं?"

"बैलावरून."

बीडमध्ये मानवी हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या मोहिमा आणि प्रसिद्धी मी बघते. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात प्रेसनोट लिहायची, बातमीदारांचे फोन घ्यायचे, धरणं असलं तर पत्रकं छापून आणायची आणि कुणाचं दुःख किती सेकंदांत बसेल ते ठरवायचं. हे शेवटचं काम मला कधीच आवडलेलं नाही, पण जमतं.

ही बाई ऊसतोडीची. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, आगाऊ पैसे देतो, ती उचल. ती कोयत्यावर मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात पडते. फेडताना मात्र दोघांची कंबर मोडते. यांची मागच्या हंगामातली उचल फिटली नव्हती, ती यंदाच्या अंगावर आली. बैलगाडी घेऊन गेले. डिसेंबरात फडात नवऱ्याच्या पोटरीवर कोयता बसला. आठ-दहा दिवस खाडे पडले, खाड्याचे पैसे वर चढले. जखम चिघळली तेव्हा ती म्हणाली, गावाकडं नेते. मुकादम म्हणाला, खुशाल जा, पण बैल आणि पोरगं इथंच राहील. पोरगं १३ वर्षांचं. बैलांना उसाचं वाढं टाकायला, पाणी दावायला कुणीतरी पाहिजेच की, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याला घेऊन ती एसटीनं गावी आली, आणि चौथ्या दिवशी आमच्याकडं.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा. पैसे आगाऊ देऊन त्याबदल्यात माणूस अडकवून ठेवणं त्यात नेमकं बसतं. असं कर्ज कायद्यानं संपतं, आणि हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं, कलम १५ प्रमाणे, सावकारावर असतं, मजुरावर नाही. हे सगळं अर्जात लिहून इथल्या आणि कारखान्याच्या, अशा दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्यांत दिलं होतं. आठ दिवस काही हललं नाही. एका साहेबांनी समजावून सांगितलं, "मॅडम, उचल सहीनं घेतलीय ना? मग हा देण्याघेण्याचा व्यवहार झाला. वेठबिगारी हा फार मोठा शब्द आहे." तो शब्द मोठा नाही, कायद्याचं नावच ते आहे. पण तो कागदावर आला की मुक्ती प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि पुनर्वसनाच्या योजनेतून तातडीचे ३० हजार. म्हणून तर जड जातो.

अर्ज हलेना म्हणून व्हिडिओ.

मुलगा त्यात नव्हता, तेवढं भान होतं. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ मुळं अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. पण तिच्या मोबाइलमध्ये पोळ्याचा एक फोटो होता. नवरा, ती, पोरगं आणि मधे बैल: झूल, बाशिंग, शिंगांना हिंगूळ. आमच्या एडिटिंगच्या पोरानं तिन्ही चेहरे धूसर केले. फोटो तीनच सेकंद. काढू का, असं त्यानं विचारलंही होतं. मीच म्हणाले, ठेव, नुसता बोलणारा धूसर चेहरा किती वेळ बघणार लोक?

मधला बैल, तांब्या, लाल कंधारी जातीचा. त्याचं डावं शिंग मोडून कानाकडं लोंबलेलं. अख्ख्या टोळीत तसा एकच.

फोन ठेवला आणि दहा मिनिटांत व्हिडिओ काढला. त्याला फारसा अर्थ नव्हता. टोळ्यांचे, गाडीवानांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, तिथं तो कधीच पोचला होता. पुण्याहून आमच्याच एका वरिष्ठांचा फोन आला की इतका छान चाललेला व्हिडिओ का काढला. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पोरगं मुकादमाच्या ताब्यात, आणि मुकादमाला आता सगळं माहीत. मी १०९८ ला फोन लावला. मग तिकडच्या जिल्ह्यात आमच्या ओळखीची एक वकील आहे, तिला. ती थेट कलेक्टर कचेरीत जाऊन बसली. आठ दिवस पडून राहिलेल्या अर्जाला आता एक ओळ जोडली: अल्पवयीन मुलाच्या जिवाला धोका आहे, आणि तो आमच्या चुकीमुळं वाढला आहे. दुसरं वाक्य काढून टाका, असं सहकारी म्हणाले. मी राहू दिलं. खरं सांगायचं तर त्यात प्रामाणिकपणापेक्षा हिशेब जास्त होता. स्वतःची चूक कबूल करणारा अर्ज त्या टेबलावर रोज येत नाही, निदान वाचला तरी जाईल.

एवढ्यात एका वाहिनीचा प्रतिनिधी दारात. व्हिडिओ काढल्यामुळं त्याचा वास आणखी लागलेला. "ताई, आईचा एक बाईट द्या फक्त. चेहरा ब्लर करतो की."

"बैल ब्लर करता का?" मी विचारलं. त्याला कळलं नाही, आणि मला समजावत बसायचा धीर नव्हता.

हे लोक वाईट नसतात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्यांनीच गाजवला, त्यातूनच विधिमंडळात चर्चा, समिती आणि पाहणी झाली. पाहणी ८२,३०९ बायकांची, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. पण त्या महिन्यांत मी बायकांना कॅमेऱ्यासमोर ओळीनं बसलेलंही बघितलंय, एकामागून एक, रेशनच्या रांगेसारखं. तेव्हा ते मला चालून गेलं होतं.

ती दुपारपासून आमच्या ऑफिसात होती. रडली नाही. चहा नको म्हणाली, मग दोनदा घेतला. चारच्या सुमारास मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि माफी मागितली. ती माझ्याकडं जरा नवलानं बघत राहिली.

"म्याडम, तुम्ही माझं तोंड झाकलंत. फडात माझं तोंड बांधलेलंच आस्तंय. साडीवर मालकाचा शर्ट, तोंडाला फडकं, दिसभर वाकलेली. तिथं माझं तोंड कुणी बघितलंय? तांब्याला समदे वळखत्येत."

मग थोड्या वेळानं, "त्याचंच झाकायचं व्हतं."

तिची सही आमच्याकडं होती. संमतीपत्रात चेहरा, आवाज, नाव, गाव, अशा चार चौकोनांत 'नको'. फॉर्म मीच तयार केलेला, कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेल्या नमुन्यावरून. त्यात बैलाचा चौकोन नव्हता.

सव्वासातला वकिलीणबाईंचा फोन आला. पोलीस, बालकल्याण समितीची माणसं आणि एक नायब तहसीलदार तळावर गेले होते. मुकादम पसार. पोरगं तिथल्या झोपडीत, कोपीत होतं, ठीक होतं, जेवलं होतं. फोन त्याच्याकडं दिला. आईनं पहिला प्रश्न विचारला, "तांब्याला पानी दावलं का?" मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

पुढचं लांबत गेलं. मुलगा कागदपत्रं होऊन पाच दिवसांनी घरी आला. प्रमाणपत्राला दोन महिने लागले. बैल मार्चमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर मिळाले, ते पण हाडं निघालेले.

त्यानंतर आम्ही व्हिडिओ सोडायच्या आधी आसपासच्या गावातल्या, भरवशाच्या एखाद्या माणसाला दाखवतो आणि एवढंच विचारतो, कोण आहे हे? वेळ जातो, पुणेवाले कुरकुरतात. परवा एका प्रकरणाचा कच्चा व्हिडिओ आमच्याकडं भाकरी करायला येणाऱ्या आजींना दाखवला. चेहरा नाही, घर नाही, नुसते भाकरी थापणारे दोन हात, आणि बदललेला आवाज. आजींनी चष्मा पुसला.

"काठवट काठाला तारेनं बांधलीया. वरच्या आळीची सून हाय ही."

काठवट कापली. पुन्हा दाखवला. आजी शेवटपर्यंत गप्प राहिल्या, मला बरं वाटलं.

"आता नाही ना ओळखू येत? आवाजपण बदललाय, आजी."

"आवाज बदललाय. खोकला तिचाच हाय."