सुटकेची तारीख ठरण्याआधी

शिक्षा भोगून बाहेर येणाऱ्या माणसाला सर्वांत आधी काय लागते, असे विचारले तर बहुतेक जण ‘काम’ असे उत्तर देतात आणि ते उत्तर चुकीचे नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका कारागृहात मुक्त विद्यापीठाच्या परीक्षांना बसणाऱ्या बंदींना शिकवायला जाते. तेथे जे पाहिले आणि ऐकले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, कामाच्याही आधी माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयीचे निर्णय स्वतः घेण्याची सवय परत मिळवावी लागते. ही सवय सुटकेच्या दिवशी दरवाजाबाहेर आपोआप मिळत नाही. तिची तयारी आत असतानाच, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू व्हावी लागते.

कारागृहात दिवस घंटेवर चालतो. कधी उठायचे, काय खायचे, कोणते काम करायचे, कोणाशी किती वेळ बोलायचे हे सारे दुसरे कोणी तरी ठरवते. दहा-बारा वर्षे असे गेल्यावर काय होते, ते संचित रजेवरून परतलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले. ‘बाई, पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं, भाजी कोणती करू? मला सांगताच येईना. तूच ठरव म्हणालो. दोन दिवसांनी पोरानं विचारलं, अकरावीला कोणती शाखा घेऊ? त्यालाही मी तेच म्हणालो.’ भाजीचे त्याला फारसे वाटले नव्हते; मुलाचा प्रश्न मात्र त्याच्या मनाला लागून राहिला होता.

म्हणूनच संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यांकडे केवळ सवलत म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. महाराष्ट्रात या रजांचे नियम 1959 पासून आहेत. संचित रजा चांगल्या वर्तणुकीवर मिळते आणि तिचा काळ शिक्षेतच धरला जातो, तर अभिवचन रजा घरातील आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी असते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. रजेवरून माणूस पळून गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि तशी बातमी यायलाही हवी. पण रजेवर जाऊन शेताची पेरणी उरकून, मुलीच्या शाळेत पालक म्हणून बसून, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी स्वतःच्या पायांनी परत येणारा माणूस कोणाच्या नजरेस पडत नाही. दाराशी स्वतःहून परत येणे हाही त्याने घेतलेला निर्णयच असतो.

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. 1939 मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या आग्रहावरून, ती सुरू केली. भिंत नाही, गज नाहीत. शिक्षा झालेला माणूस आपल्या कुटुंबासह राहतो, शेती करतो, त्याची मुले शाळेत जातात. ज्या वर्षी औंधच्या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोग केला, त्याच वर्षी त्या संस्थानाने कैद्यांवरही भरवसा टाकून पाहिला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. माणदेशाच्या त्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस लांबला तर काय करायचे, कोणते पीक घ्यायचे, घरात आजारी पडलेल्या माणसाला कोठे न्यायचे, हे प्रश्न तेथे राहणाऱ्याला रोज स्वतः सोडवावे लागतात. पैठण आणि मोर्शी येथील खुली कारागृहेही याच दिशेची आहेत, तरी कुटुंबासह राहू देण्याची कल्पना मला अधिक मोलाची वाटते, कारण बहुतेक माणसे शेवटी कुटुंबातच परतायची असतात.

बंद कारागृहात एवढे शक्य नसले तरी बरेच काही शक्य असते. शिक्षणाचाच विचार करू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यातील काही कारागृहांत चालतात आणि आत पदवी मिळवलेली माणसे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. मला पदवीइतकाच महत्त्वाचा वाटतो तो अभ्यासाचा संकल्प: पुढच्या वर्षीच्या परीक्षेसाठी आज पुस्तक उघडायचे, हे कोणीही हुकूम न देता ठरवणे. वर्गात मी एक स्वाध्याय नेहमी देते. सुटकेनंतरच्या पहिल्या महिन्याचा जमाखर्च लिहून आणायचा, घरभाड्यापासून दाढीच्या ब्लेडपर्यंत. जुने बंदी आपण आत आलो त्या काळचे भाव लिहितात. तेलाचा डबा आणि एस.टी.चे तिकीट इतके स्वस्त असते की नवे बंदी त्यांना दुरुस्त करतात. मग ‘एवढ्या पैशांत भागणार कसे’ ही चर्चा सुरू होते आणि ती पुष्कळदा तासाची वेळ संपली तरी चालू राहते.

पैशाच्या बाबतीत एका योजनेचा उल्लेख मला आवर्जून करायचा आहे. 1 मे 2022 रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवडा मध्यवर्ती कारागृहात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला 7 टक्के व्याजाने 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि आतल्या कामाच्या मजुरीतून ते फेडले जाते. ही रक्कम मुलीच्या शिक्षणाला किंवा घराच्या डागडुजीला लागते, हे तर खरेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, घरच्यांच्या लेखी आत असलेला माणूस पुन्हा कमावता होतो, आणि कमावत्या माणसाला घरातले निर्णय विचारले जातात.

आता गावाकडे परतण्याविषयी, कारण हा भाग सर्वांत अवघड असून त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. माझ्या वर्गात जन्मठेपेची शिक्षा असलेले जे शेतकरी भेटले, त्यांच्यापैकी अनेकांचे गुन्हे बांधाच्या किंवा वाटणीच्या भांडणातून, रागाच्या भरात घडलेले होते. मेलेला माणूस भावकीतला किंवा शेजारच्या वस्तीवरचा असतो. त्याची विधवा, त्याची मुले त्याच गावात आहेत, त्याच विहिरीवर, त्याच जत्रेत. अशा गावात परतायचे की नाही, हा प्रश्न केवळ सुटणाऱ्याचा नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांचाही त्यावर हक्क आहे, आणि सुधारणेच्या उत्साहात आपण तो विसरता कामा नये. माझ्या मते सुटकेपूर्वी वर्षभर तरी आधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), पोलीस पाटील आणि दोन्ही घरांतील वडीलधारी यांच्यामार्फत बोलणे व्हावे. एका विद्यार्थ्याने असे बोलणे झाल्यावर गावी न जाता तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहायचे ठरवले आणि शेत भावाकडे कसायला दिले. त्याला तो पराभव वाटत नव्हता. ‘त्यांच्या डोळ्यांसमोर रोज कशाला यायचं?’ एवढेच तो म्हणाला.

कागदपत्रांची गोष्ट रुक्ष वाटते, पण बाहेर आलेल्याचे पहिले महिने तिच्यातच जातात. देशातील पहिले आधार क्रमांक सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. त्याआधी आत गेलेल्या माणसाने आधार कार्ड पाहिलेलेच नसते, आणि आज बँकेचे खाते, रेशन, मोबाइलचे सिम या साऱ्यांसाठी ते विचारले जाते. शिधापत्रिकेवरून नाव वगळलेले असते, सात-बारावर वडिलांच्या पश्चात केवळ भावांची वारसनोंद झालेली असते. यांतील पुष्कळ कामे आतूनच सुरू करता येतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हा हक्क केवळ खटल्यापुरता वाटत असे. म्हणून वारसनोंदीसाठीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे मी फळ्यावर लिहून देते.

महिला विभागात परिस्थिती आणखी कठीण आहे. पुरुषांच्या मुलाखतीला, म्हणजे कारागृहातल्या भेटीला, आई येते, बायको येते. बायकांच्या मुलाखतीला येणारे मला फार थोडे दिसले. ज्या घरी परतायचे ते घरच उरलेले नसते, म्हणून त्यांच्या तयारीत निवाऱ्याचा प्रश्न कामाच्याही आधी येतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत कारागृहात आणि सुटकेनंतरही अशा माणसांसोबत काम करतो आहे. असे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते प्रत्येक जिल्हा कारागृहात नेमले जावेत, ही मागणी मी जमेल तेथे मांडत असते.

आणि हे सारे लिहिताना ज्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही, त्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती आणि त्यांपैकी चारांतील तीन न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले, बंदी होते. संचित रजा, खुले कारागृह, मजुरीवरचे कर्ज, हे सारे शिक्षा झालेल्यांसाठी आहे. न्यायाधीन बंद्याला सुटकेची तारीखच नसते. एका संध्याकाळी जामिनाचा आदेश येतो आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतो. त्याच्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम आखता येत नाही. म्हणून या वर्षी अधीक्षकांच्या परवानगीने आम्ही आठवड्यातून एक तास न्यायाधीन बंद्यांच्या बराकीत सुरू केला आहे. त्यात पाठ्यपुस्तक नसते. घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक पाठ करणे, पुढच्या तारखेची नोंद स्वतः ठेवणे, वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढणे आणि सुटल्यावर पहिली रात्र कोठे काढायची हे ठरवून ठेवणे, एवढेच त्या तासात करतो.