आमची वाटचाल : खोगीर, गुणपत्रिका आणि बाई

आमच्या खोगीर बनवण्याच्या व्यवसायाला गेल्या वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा वाटचालीविषयी काही लिहून ठेवावे असा आग्रह घरातल्यांनी धरला. लिहायला बसल्यावर प्रथम आठवल्या त्या बाई. त्या आमच्या भागीदार नव्हत्या, ग्राहक नव्हत्या आणि माझ्या माहितीप्रमाणे जन्मात कधी घोड्यावरही बसल्या नव्हत्या.

वडिलांचे दुकान पुण्याच्या रेसकोर्सवरील तबेल्यांची कामे करीत असे. लगामांची शिलाई, तंगाचे म्हणजे पोटाखालून खोगीर आवळण्याचे पट्टे, रिकिबींची चामडी. पुण्याच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यातला. तो संपला की घोडे मुंबईला महालक्ष्मीला जात आणि आमच्याकडे उन्हाळा सरेपर्यंत जेमतेम काम उरे. हे रिकामे महिने भरून निघावेत एवढ्याच हेतूने १९९९ साली मी ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेच्या, स्वारांसाठी खोगिरे करायला घेतली. काम वाटले होते त्याहून फारच वेगळे निघाले. शर्यतीचा जॉकी पाठीवरून उठून वाकलेला असतो, त्यामुळे त्याचे खोगीर नाममात्र असते. ड्रेसाजचा स्वार मात्र पाय लांब सोडून पाठीत खोल बसतो आणि त्याच्या बैठकीतील बारीकशा हालचालीवर घोडा वळण, गती, थांबणे ओळखतो. म्हणून या खोगिराची बैठक खोल, बाजूची पाखी लांब आणि सरळ, आणि तंगाचे बक्कल मांडीखाली टोचू नये इतके खाली घ्यावे लागते. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी गोष्टींसाठी वापरतात, याचे आम्हा कारागिरांना नेहमीच नवल वाटते, कारण खोगिरातली लोकर कुठे किती भरली यावरच घोड्याच्या पाठीचे सारे सुख अवलंबून असते.

बाई शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. २००४ साली त्या भाचीला सोडायला मैदानावर येऊ लागल्या आणि एका स्पर्धेत पंचांजवळ बसून गुण लिहायला माणूस नाही म्हणून त्यांना बसवण्यात आले. भाचीने दोन वर्षांत घोडेस्वारी सोडली. बाई पुढची सतरा वर्षे येत राहिल्या.

लेखनिकाचे काम बाहेरून सोपे दिसते. स्थानिक स्पर्धांमध्ये पंच अनेकदा मैदानाच्या टोकाला, कडेने लावलेल्या अक्षरांपैकी ‘सी’समोर मोटार उभी करून आतच बसतात, हॉर्न वाजवून स्वाराला आत बोलावतात, आणि मग प्रत्येक हालचालीचे शून्य ते दहापैकी गुण व शेरा घडाघडा सांगत जातात, तेही घोड्यावरची नजर न काढता. लेखनिकाने ते गुणपत्रिकेच्या योग्य ओळीत उतरवायचे, स्वतःचे मत कपाळावरदेखील उमटू द्यायचे नाही. अर्धा गुणही देता येतो, म्हणून बाईंचा नियम होता की दशांशचिन्ह मिरीएवढे ठसठशीत काढायचे. पावसाच्या थेंबाने ते पुसले गेले तर साडेसहाचे पासष्ट होतात आणि बेरीज करणाऱ्याची पंचाईत होते.

आदल्या संध्याकाळी मैदान आखण्याचे कामही हळूहळू त्यांच्याकडे आले. मोठे मैदान वीस मीटर बाय साठ मीटर असते. बाजू नीट मोजल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून बाई दोन्ही कर्ण मोजून घेत आणि ते त्रेसष्ट मीटर पंचवीस सेंटिमीटर भरेपर्यंत खुंट्या हलवायला लावत. एकदा अंधार पडत आला म्हणून मी म्हणालो, “बाई, एवढ्यातेवढ्याने घोड्याला काय कळणार आहे?” त्यावर त्या म्हणाल्या, “घोड्याला नाही कळणार रे, पण मला कळलंय ना. धर टोक.”

२००६ सालची गोष्ट सांगायला आजही संकोच वाटतो. आमच्या एका खोगिराखाली घोडी तंग आवळताना कान मागे टाकू लागली आणि मी ती तापट आहे असे सांगून मोकळा झालो. बाईंनी मला बाजूला नेले. खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर खांद्यांमागे दोन्ही बाजूंना सारख्याच आकाराचे कोरडे डाग राहतात, हे त्यांनी सलग तीन रविवारी पाहिले होते. खोगिराचा आतला सांगाडा अरुंद होता आणि दाबाखाली घाम सुटत नव्हता. आम्ही खोगीर परत घेतले, पैसे दोन हप्त्यांत फेडले. त्याच सुमारास त्यांनी विचारले, “तू गिऱ्हाइकाकडून गुणपत्रिका का मागत नाहीस?” त्यांनी स्वतः लिहिलेल्या कोणत्याही पत्रिकेतला एक शब्दही मला कधी सांगितला नाही; पण स्पर्धेनंतर ती स्वाराला मिळतेच आणि त्याने ती स्वखुशीने दाखवायला हरकत नसते. तेव्हापासून मापे घेण्यापूर्वी आम्ही मागच्या काही पत्रिका मागतो. वेगवेगळ्या पंचांनी ‘स्वार डावीकडे कलतो’ असे तीनदा लिहिले असेल, तर आधी लोकर उसवून पाहावी लागते. आज आमच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हा असा दुरुस्तीचाच आहे आणि त्यानेच हे दुकान तगले.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर प्रथमच सुवर्ण मिळाले होते. या चौघांची तयारी युरोपात झालेली, त्यामुळे त्या यशात आमचा वाटा काहीच नव्हता, तरी दुकानात पेढे वाटले. संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता. सुवर्णाविषयी दोन वाक्ये बोलून त्यांनी विचारले, “तिथे अजून हाताने लिहितात का रे?”

पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

यंदाच्या स्पर्धेत आमच्या कारखान्यात शिलाई करणारी मुलगी लेखनिक म्हणून बसली. बाईंनीच तिला दोन हंगाम मागच्या आसनावर बसवून तयार केले होते. संध्याकाळी एका स्वाराने खोगिराच्या कामासाठी आणलेली पत्रिका नेमकी तिच्याच हातची होती, आणि तिच्यातल्या साडेसहामधला टिंब इतका मोठा होता की मला तो चष्म्याशिवाय दिसला.