बिनदुधाचे बेक्ड ओट्स, दूधवाल्याच्या घरात

आमच्या घराची सकाळ गोठ्यात सुरू होते. आबा पहाटे चारला उठतात, धारा काढतात, रतीब घालून येतात आणि संध्याकाळी दोन म्हशी घेऊन गंगावेशीत कट्ट्यावर जातात, तिथं गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळ दूध ग्लासात भरून हातात द्यायचं, लोक तिथंच उभं राहून पितात. बाहेरगावच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं, पण कोल्हापुरात हे अजून चालतं आणि दिवाळीच्या पाडव्याला तर म्हशी नटवून मिरवतात, त्या दिवशी आबांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि अशा घरात वाढलेल्या मला एकतिसाव्या वर्षी दूध पचेनासं झालं.

आधी वाटलं कॅन्टीनच्या खाण्याचं असेल. दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगायचं, मुरडा यायचा, बसमध्ये जीव नकोसा व्हायचा. चार-पाच महिने अंगावर काढलं, शेवटी डॉक्टरांकडं गेले, त्यांनी दोन आठवडे दूध बंद करून बघायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवसापासून सगळं शांत. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि बऱ्याच माणसांत ते लहानपणानंतर कमी कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया ती आंबवतात आणि गॅस होतो. दुधाची अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रकार, ती दुधातल्या प्रोटीनची असते आणि ती असेल तर थेंबभरसुद्धा चालत नाही, दोन्हींत गल्लत करू नका.

हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले, "मग म्हशीचं नको, गाईचं पी की." आता गाईच्या आणि म्हशीच्या दुधात लॅक्टोज जवळपास सारखंच असतं, फरक मुख्यतः फॅटचा, पण त्या वेळी ते बोलायचं माझ्यानं झालं नाही. कारण आबांना दुसरं काही द्यायला येत नाही. परीक्षा असली की दूध, ताप आला की दूध, दहावीचा निकाल लागला तेव्हा ग्लासभर दुधात वेलदोडा आणि केशर. त्यांनी मला जवळ घेऊन कौतुक केल्याचं आठवत नाही, पण ग्लास पुढं केल्याचं रोज आठवतं.

असो, मुद्दा नाश्त्याचा. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे, पावणेसातला घर सोडावं लागतं, कावळा नाक्यावरनं कंपनीची बस मिळते. पूर्वी ग्लासभर दूध आणि रात्रीची चपाती खाऊन निघायचे, ते बंद झाल्यावर नुसता चहा, तोही कोरा, आणि मग दहाला कॅन्टीनमध्ये भजी नाहीतर वडा. महिन्याभरात अ‍ॅसिडिटी. आई म्हणाली मी उठून पोहे करून देते, वहिनी म्हणाली मी उप्पीट करते, पण त्या दोघी आधीच पाचपासून राबत असतात, माझ्यासाठी अजून एक कढई चढवायला लावायची हे मला पटेना. मला असं काहीतरी पाहिजे होतं की रविवारी एकदा करून ठेवलं की गुरुवार-शुक्रवारपर्यंत बघायला नको, सकाळी डब्यातनं उचलायचं आणि निघायचं.

बेक्ड ओट्स मी पहिल्यांदा व्हिडिओतच बघितले, पण सगळ्यांत दूध, अंडी आणि वर मध. दूध मला नको. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण जैन आहे, तिला अंडं चालत नाही, मधही चालत नाही. आम्ही दोघी सकाळी दहाला डबा एकत्र उघडतो, गेली सहा वर्षं. मी एकटीनं खायचं आणि तिनं बघत बसायचं हे काय होणार नव्हतं. म्हणून माझ्यासाठी दूध काढलं, तिच्यासाठी अंडं आणि मध काढलं, आणि उरलं ते काय तर व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासनं आलेलं काहीच नाही, हे नाव मला नंतर कळलं.

पहिले दोन प्रयत्न फसले ते आधी सांगते म्हणजे तुमचं सामान वाया जाणार नाही. पहिल्यांदा घरात होते ते इन्स्टंट ओट्स घातले, त्यांचा आतनं नुसता लगदा झाला. इन्स्टंट ओट्स पातळ लाटलेले आणि आधीच जास्त शिजवलेले असतात, दूध घातलं की विरघळतातच. आपल्याला रोल्ड ओट्स पाहिजेत, वाफवून रोलरखाली चपटे केलेले जाड पापुद्रे, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. स्टील कट म्हणजे तुकडे केलेले ओट्स याला नकोत, ते चाळीस मिनिटांत कच्चे राहतात. दुसऱ्यांदा गूळ खडेच्या खडे टाकला, तो तळाला बसून करपला आणि भांडं घासायला अर्धा तास गेला.

दुधाचं काय करायचं याचा विचार करत होते आणि उत्तर रविवारी स्वयंपाकघरात समोरच होतं. आमच्याकडं रविवारी मटण असतं, पांढऱ्या रश्शासाठी आई नारळ खवते, कोमट पाणी घालून वाटते, फडक्यातनं पिळते. ते दूधच की! बाजारात प्लांट मिल्कचे डबे बघून हे फार महाग आहे बुवा म्हणून मी परत ठेवत होते आणि इकडं माझ्या आईनं आयुष्यभर दर रविवारी ते पिळलंय. तेव्हापासून मी एक नारळ जास्त आणते, रश्शाच्या आधी माझं दूध पिळून बाजूला काढते, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या गाळणीनं, कारण हे मैत्रिणीच्या तोंडात जाणार आहे आणि तिच्या डब्यात जाणाऱ्या वस्तूला मटणाचा चमचा लागता कामा नये. बेकिंगचा टिनसुद्धा त्याच्यासाठीच घेतलाय, दुसऱ्या कशाला वापरू देत नाही.

नारळ महाग असेल त्या आठवड्यात शेंगदाण्याचं दूध. एक कप कच्चे दाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, तीन कप पाण्यात एकदम बारीक वाटून गाळायचं आणि मग दहा मिनिटं उकळायचं, सतत ढवळत, नाहीतर उतू जातं आणि कच्चट वास राहतो. चोथा टाकू नका, आमटीला लावा. पण खरं सांगू, चवीला नारळच भारी, माझं मत.

आता गूळ. कोल्हापुरात राहून याच्यात ब्राऊन शुगर घालायची म्हणजे काय म्हणायचं! कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पण निवडताना पिवळाधमक बघून भुलू नका. रंग उजळ यायला काही ठिकाणी हायड्रोस नावाची रंग उडवणारी पावडर वापरतात, त्यापेक्षा जरा काळपट, तांबूस ढेप घ्या, वासच वेगळा येतो. रस उकळताना मळी वर काढायला गुऱ्हाळात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, हे मी लहानपणी मामाच्या गावी बघितलंय, कढईभोवती उभं राहून गरम काकवी पळसाच्या पानावर घेऊन खाल्लीय. सीझनमध्ये काकवी मिळाली तर या ओट्समध्ये गुळाऐवजी तीच घाला, किसायचीपण कटकट नाही, फक्त मग दूध दोन-तीन चमचे कमी.

अंड्याचं काम जवस करतं. आपण जवसाची चटणी करतो तेच जवस. हलकं भाजून पूड करायची, दोन मोठे चमचे पूड सहा चमचे कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची, चिकट बुळबुळीत होते, तसंच व्हायला पाहिजे, त्यानंच वड्या धरून राहतात.

मग पुढचं सगळं सोपं. दोन पिकलेली केळी, साल काळी पडलेली असली तर उत्तम, जवारी म्हणजे गावठी छोटी असतील तर चार, काट्यानं कुस्करायची. त्यात अर्धा कप किसलेला गूळ, पावणेदोन कप नारळाचं दूध (फ्रीजमधलं गार नको, गूळ विरघळत नाही), जवसाचं मिश्रण, दोन चमचे शेंगतेल. गूळ पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहायचं, इथं घाई केली की करपतं, माझा अनुभव सांगितलाच. दुसऱ्या भांड्यात दोन कप रोल्ड ओट्स, दोन चमचे नाचणीचं पीठ, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, वेलदोडा आणि जायफळ. दालचिनी घालतात सगळे, मी नाही घालत, आमच्या घरात गोडाला वेलदोडा-जायफळच. मूठभर मनुके, मूठभर भाजलेले दाणे अर्धवट कुटून. ओलं आणि सुकं एकत्र करायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं, ओट्स दूध ओढून घेतात. बघायला पातळ दिसतं, घाबरून अजून ओट्स घालू नका, मी घातले होते, वीट झाली होती.

आठ इंची टिनला तेल लावून बटर पेपर, त्यात मिश्रण, वरनं तीळ आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. ओव्हन आधी गरम केलेला, १८० डिग्री, ३५ ते ४० मिनिटं. कडा तपकिरी होऊन टिनपासून सुटल्या आणि मधोमध बोटानं दाबल्यावर थलथलत नसेल की झालं. एकदा विसाव्या मिनिटाला लाईट गेली, मी ओव्हनचं दार उघडलंच नाही, पाऊण तासानं लाईट आल्यावर अजून वीस मिनिटं दिली, काही बिघडलं नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरात तळाला मीठ पसरून, वर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढून, दहा मिनिटं गरम करून मग टिन ठेवायचा, मंद आचेवर पन्नास मिनिटं तरी लागतात. वहिनी तिच्या माहेरी असंच करते. वरनं रंग कमी येतो, चव तीच.

आणि आमच्याकडच्या पावसाळ्यासाठी एक. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की बेकिंग पावडर डब्यातल्या डब्यात मरते. वापरायच्या आधी अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली तर घ्या, नाहीतर नवीन आणा.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे थांबणं. गरम गरम कापलं तर भुगा होतो, अर्धा तास निवू द्या, मग नऊ वड्या पडतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतात, बाहेर ठेवल्या तर त्याच दिवशी संपवा. सकाळी तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम केल्या की कडा कुरकुरीत होतात, बस चुकत असेल तर गारसुद्धा चांगल्या लागतात. सात वाजता एक आणि दहाला मैत्रिणीबरोबर एक, दुपारच्या जेवणापर्यंत पोटाला काही लागत नाही. ओट्समधलं बीटा ग्लुकन नावाचं फायबर पोटात गेल्यावर जेलसारखं होतं, म्हणून पोट भरल्यासारखं राहतं, आणि कोलेस्टेरॉल कमी करायलाही तेच कामाला येतं.

पण म्हणून हे औषध नाही. गूळ ही साखरच आहे, केळं पण गोड, आईला शुगर आहे म्हणून तिच्यासाठी एका बाजूला छोट्या वाटीत गूळ न घालता करते आणि तीही अर्धीच खाते. दुसरं म्हणजे दूध, दही सगळंच कायमचं सोडणार असाल तर बी-१२ कडं लक्ष द्या, ते झाडापासनं मिळत नाही, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मला दही थोडंफार पचतं म्हणून माझं चाललंय. कॅल्शियमसाठीच मी नाचणी आणि तीळ घालायला लागले, चवीला म्हणून नाही, पण आता ते नसले की चुकल्यासारखं वाटतं.

आबांनी पहिले दोन महिने या टिनकडं बघितलंसुद्धा नाही. मी काही बोलले नाही, एक वडी त्यांच्या चहाच्या बशीत ठेवायचे आणि कामाला लागायचे, कधी तशीच राहायची, कधी नसायची. एकदा कट्ट्यावरनं येताना त्यांनी काकवीची बाटली आणली, ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

गेल्या रविवारी मला उठायला उशीर झाला. खाली आले तर आई रश्शाचा नारळ पिळायला बसली होती आणि आबा दारात उभे राहून तिला सांगत होते, "त्या बारक्या पातेल्यात आधी पोरीचं दूध काढून ठेव, मग तुझं कर."